दोर ढिला पडला की मी थांबतो

गेल्या अंकात पावसाळ्याआधीच्या छाटणीवर लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक चढण्याबद्दल. मला फार बरं वाटलं. फांदी कुठे कापायची हे विचारणारे पुष्कळ भेटतात, पण तिथपर्यंत पोचलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी कसा जाईल हे विचारणारे थोडे. सत्तावीस वर्षं मी झाडांवर दोराने चढून काम करतोय, त्याआधी गुहागरकडे वडिलांबरोबर माडांवर चढलो. त्या अनुभवातून उत्तरं देतो. सगळ्या पत्रांना जागा नाही, सहा निवडली आहेत.

प्रश्न : काका, मी चोवीस वर्षांचा आहे. सात वर्षं सह्याद्रीत ट्रेकिंग आणि प्रस्तरारोहण करतोय. माझ्याकडे स्वतःचा हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), साडेदहा मिलिमीटरचा डायनॅमिक रोप, फिगर ऑफ एट (दोरावरून उतरायचं आठाच्या आकाराचं कडं), सहा कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) आणि हेल्मेट आहे. पेठेतल्या दोन-तीन जणांनी वाड्यातल्या झाडांच्या फांद्या उतरवून द्यायला सांगितलंय, पैसेही देणार आहेत. आणखी काय सामान घेऊ?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुझं कड्यावरचं अंग तयार आहे, उंचीची सवय आहे, ही मोठी शिदोरी आहे. पण सामानाच्या आधी एक सवय बदलावी लागेल. कड्यावर तू स्वतःच्या हातापायांवर चढतोस आणि दोर मागे असतो, पडलास तर झेलायला. झाडावर आपण दोरावर बसून काम करतो. दिवसभर वजन दोरावरच असतं. त्यामुळे आपला दोर कायम ताठ हवा. फांदीवर चालताना हातभर जरी दोर ढिला लोंबताना दिसला तरी मी जिथे असेन तिथे थांबतो आणि आधी तो ओढून घेतो.

ही सवय मला महागात पडून लागली. पुण्यात एका बंगल्यातल्या जुन्या वर्षावृक्षावर जूनमध्ये काम करत होतो. पहिला पाऊस होऊन गेला होता, साल शेवाळून साबणासारखी झालेली. वर्षावृक्षाच्या फांद्या आडव्या लांब पसरतात. खोडाजवळच्या बेचक्यात दोर होता आणि मी टोकाकडे पंधरा-सोळा फूट चालत गेलो होतो. पुढच्या डहाळीपर्यंत हात पोचावा म्हणून गाठ थोडी सैल केली, चार-पाच फूट दोर मोकळा झाला आणि पाय सटकला. दोर तुटला नाही, गाठ सुटली नाही, बेचकंही शाबूत राहिलं. पण खाली न पडता मी झोका घेत खोडावर आदळलो. उजव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्या. सामानाने त्याचं काम चोख केलं होतं, चूक मोकळ्या सोडलेल्या चार-पाच फुटांची होती. त्या दिवसापासून आडव्या फांदीवर जाताना मी वाटेतल्या दुसऱ्या फांदीवरून दोराला वळण देतो किंवा टोकाच्या वरच्या बाजूला दुसरा आधार करतो. म्हणजे पाय गेलाच तर झोका लांबचा होत नाही.

आता तुझा दोर. डायनॅमिक रोप ताणला जावा म्हणूनच बनवलेला असतो. ऐंशी किलो वजनाला तो दहा टक्क्यांपर्यंत ताणला गेला तरी प्रमाणात बसतो. म्हणजे वर तीस फूट दोर असेल तर तू बसल्याबरोबर तीन फुटांपर्यंत खाली येऊ शकतोस, आणि करवत चालवताना वर-खाली हिंदकळत राहशील. झाडासाठी कमी ताणाचा दोर लागतो, साधारण साडेअकरा ते तेरा मिलिमीटर जाडीचा, बाहेरून पॉलिस्टरच्या घट्ट विणीचा, सालीवर घासला तरी पटकन न पिंजणारा. तुझा डायनॅमिक दोर कड्यासाठीच ठेव. एकदा झाडाच्या चिकात आणि करवतीच्या भुशात बरबटलेल्या दोरावर मी पुन्हा कड्यावर विश्वास टाकणार नाही.

फिगर ऑफ एट उतरायला ठीक, पण काम करताना मधेच दोन्ही हात सोडून थांबायचं असतं, तिथे ती आपणहून धरत नाही. झाडावर तू दिवसातून शंभर वेळा थांबणार. त्यासाठी दोरावर पकडणारी गाठ किंवा त्या कामासाठी बनवलेलं यांत्रिक साधन हवं. गाठीबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहिलंय.

हार्नेसचं असं आहे की कड्याचा हार्नेस पडणं सोसायला बनवतात, तासन्‌तास बसायला नाही. अर्ध्या तासात मांड्या बधिर होतात. झाडाच्या हार्नेसला रुंद पट्टे असतात, कमरेच्या दोन्ही बाजूंना धातूची कडी असतात आणि पुढे एक छोटा दोर असतो, त्यावर कडं डावीकडून उजवीकडे सरकतं. आम्ही त्याला पूल म्हणतो. त्या सरकत्या कड्यामुळे तू बाजूला वाकलास तरी दोर अंगाला पीळ देत नाही. पूल ही सगळ्यात जास्त झिजणारी वस्तू आहे. मी तो रोज सकाळी बोटांमध्ये दुमडून पाहतो. वीण पिंजलेली दिसली की बदलतो, महिना झाला की वर्ष झालं हे बघत नाही.

कमरेच्या बाजूच्या कड्यांना लावायचा आखूड दोर ही दुसरी खरेदी. खोडाभोवती फिरवून दोन्ही बाजूंना अडकवायचा. करवत हातात घेतली की दोन आधार हवेत, एक वरचा मुख्य दोर आणि दुसरा हा. याला तडजोड नाही. ताठ दोराला धारदार करवत नुसती टेकली तरी तो फटकन जातो. विश्वास बसत नसेल तर जमिनीवर जुन्या दोराला वजन टांगून करून बघ. यंत्राची करवत वापरणारे म्हणून पोटात पोलादी तार असलेला आखूड दोर घेतात. त्यानेही तार कापली जाणारच नाही असं नाही, पण क्षणभर वेळ मिळतो. वर यंत्राची करवत पहिली दोन वर्षं नकोच. वाकड्या पात्याची, ओढताना कापणारी हातकरवत घे, ती म्यानात ठेव आणि म्यान मांडीला बांध. कोयता झाडावर नेऊ नकोस. कोयत्याचा घाव फांदीवरून उसळतो आणि तिथेच तुझा दोर असतो.

कॅराबिनर मात्र बदलावेच लागतील. स्क्रूचं झाकण फांद्यांना घासून हळूहळू फिरतं. झाडावर तीन हालचालींनी उघडणारे, आपोआप बंद होणारे हवेत. हेल्मेटला हनुवटीचा पट्टा आहे तो कायम लावलेला ठेव.

शेवटी फेकदोरी. दोन मिलिमीटरची गुळगुळीत दोरी आणि टोकाला तीनशे-साडेतीनशे ग्रॅमची शिशाच्या छऱ्यांची पिशवी. ही बेचक्यातून फेकायची आणि तिच्या मागून मुख्य दोर वर ओढायचा. तुझ्या यादीत याचं नाव नव्हतं, पण तू सगळ्यात आधी हीच घे आणि दोन महिने रोज संध्याकाळी फेकायचा सराव कर. जमिनीवर उभं राहून चांगलं बेचकं गाठता आलं की अर्धं काम झालं. बेचकं जिवंत लाकडाचं, किमान चार इंच जाडीचं निवड. दोर पडला की एकट्याने नाही, दोघांनी मिळून त्यावर लटका, हलके हिसके द्या, वर काय आवाज येतो ऐका. मग दुसऱ्याला खाली ठेवून तू चढ.

आणि पैसे घेऊन पहिलं काम करण्याआधी, हे काम येणाऱ्या कुणाच्या तरी हाताखाली एक मोसम जमिनीवर उभा राहा. फांद्या ओढ, दोर सांभाळ, वर बघत राहा. मी दोन मोसम राहिलो होतो.

प्रश्न : मी कंत्राटदाराकडे छाटणीला जातो. दोरावर पकड घेणारी ब्लेक हिच नावाची गाठ वापरतो. कधी ती इतकी आवळते की हाताने सुटत नाही, कधी थोडी सरकते. मित्र म्हणतो एकेरी दोरावर चढायला शिक, दम कमी लागतो. एकेरी दोरावर हीच गाठ चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यात जीव आहे. नाही. एकेरी दोरावर नुसत्या ब्लेक हिचवर उतरू नका.

कारण समजून घ्या. तुम्ही आत्ता वापरता त्या पद्धतीत दोर बेचक्यावरून जाऊन पुन्हा तुमच्याकडे येतो. एक पदर हार्नेसला, दुसऱ्या पदरावर गाठ. वजन दोन पदरांत वाटलं जातं, गाठीवर साधारण निम्मं येतं. एक फूट वर जायला दोन फूट दोर ओढावा लागतो, म्हणून दम लागतो, पण गाठ सुखात असते. एकेरी पद्धतीत दोर वर बांधलेला, हलत नाही, आणि तुमचं सगळं वजन त्या एका गाठीवर. ती इतकी आवळते की सुटत नाही, जोर लावून सोडवली की एकदम सुटते आणि घर्षणाने दोर तापतो. म्हणून एकेरी दोरावर गाठीच्या वर दोराला वाक देऊन घर्षण वाटून घेणारं साधन लावतात, किंवा सरळ यांत्रिक साधन वापरतात. ते शिकून मगच जा. पद्धत चांगली आहे, उंच झाडावर मीही तीच वापरतो.

त्यातली आणखी एक गोष्ट मित्राने सांगितली नसेल. एकेरी दोराचं दुसरं टोक खाली बुंध्याला बांधलं तर वरच्या बेचक्यावर तुमच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो. एका बाजूला तुम्ही लटकता आणि दुसऱ्या बाजूला बुंधा तेवढ्याच जोराने ओढत असतो. ऐंशी किलोचा माणूस असेल तर फांदीला दीडशेच्या वर किलो सोसावे लागतात. जे बेचकं दुहेरी पद्धतीला पुरलं ते इथे पुरेलच असं नाही. शिवाय बुंध्याजवळचा दोर खालच्या माणसाच्या करवतीच्या टप्प्यात येतो. मी तिथे लाल कापड बांधतो आणि त्या बाजूला कुणालाही यंत्र सुरू करू देत नाही.

आता तुमची गाठ. मला ती बघता येत नाही, म्हणून माझी कशी बांधतो ते लिहितो, ताडून पाहा. मुख्य दोर समोर उभा. मोकळ्या टोकाने त्याला खालून वर चार वेढे. पहिले दोन घालताना डाव्या हाताचा अंगठा दोराला चिकटवून ठेवायचा, म्हणजे ते वेढे अंगठ्यालाही घेतात. वरचे दोन नुसत्या दोरावर. मग टोक खाली आणायचं, हार्नेसकडे जाणाऱ्या पदराच्या पुढून न्यायचं, मुख्य दोराच्या मागे घालायचं, अंगठा काढायचा आणि त्याने ठेवलेल्या पोकळीतून टोक वर काढायचं. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वेढ्याच्या मधून बाहेर येतं. त्या टोकाला आठाची गाठ मारायची, म्हणजे ते मागे सरकून निसटणार नाही. हार्नेसचा पदर ओलांडायचा राहिला तर गाठ दिसायला जवळपास तशीच दिसते आणि वजन आल्यावर दगा देऊ शकते. म्हणून बांधून झाली की प्रत्येक वेढा बोटाने शेजारी शेजारी बसवा आणि जमिनीपासून दोन फुटांवर बसून पाहा. मी आजही रोज बसून पाहतो.

सरकण्याची कारणं मला बहुतेक वेळा तीन सापडली. दोर कोरा असणं, त्यावर कारखान्यातला गुळगुळीतपणा असतो आणि काही दिवस गाठ घसरते. वेढे सैल सोडणं. आणि ओला दोर, त्यावर कधी घसरते, कधी नको इतकी आवळते, भरवसा नाही. आवळण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच, झटका बसला असेल किंवा तुम्ही बराच वेळ एका जागी लटकला असाल. अशा वेळी खालून ओढू नका. पाय फांदीवर टेकून वजन काढा आणि गाठीला वरून तळहाताने खाली रेटा.

उतरताना सावकाश या, हे मी हात जोडून सांगतो. या गाठीचं घर्षण एका छोट्या जागेत एकवटतं. भरभर उतरलात की तिथला पॉलिस्टर वितळू लागतो. जागा बघायला शिका. गाठ सोडा, दोराचा तो वीतभर भाग अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. चांगला दोर बोटाला सुती धोतरासारखा लागतो, वाकवला की गोल वाकतो. भाजलेल्या जागी बोट काचेवरून गेल्यासारखं सरकतं, रंग किंचित गडद दिसतो आणि वाकवला तर कोपरा पडतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे. पीळ तसाच दिसतो, ताकद गेलेली असते. तेवढा तुकडा कापून टाका. याच कारणासाठी गाठीला वेगळा आखूड दोर वापरावा, साधारण दहा मिलिमीटरचा, उष्णता सोसणारा. झिजला की तो बदलायचा, मुख्य दोर वाचतो.

गाठींची ही सगळी विद्या माणसांनी एकमेकांना शिकवत वाढवली आहे. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांची गाठ १९३१ सालची, गिर्यारोहणातली. तुमची गाठ ऑस्ट्रियाच्याच हाइन्झ प्रोहास्का यांनी आधी मांडली होती, पण झाडवाल्यांपुढे ती १९९४ मध्ये अमेरिकेत जेसन ब्लेक यांनी आणली, म्हणून तिला त्यांचं नाव लागलं. तुम्हीही शेजारच्या पोराला शिकवा.

प्रश्न : भाऊ, आमची चाळीस माडांची वाडी आहे. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, मिळत नाही, मिळाला तर महिना महिना वाट बघावी लागते. मुलगा यंत्र आणून स्वतः चढायचं म्हणतोय. जुने लोक खोडाला खाचा पाडून चढायचे, त्या आमच्याही माडांना आहेत. यंत्र खरंच सुरक्षित आहे का?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : वहिनी, यंत्र चांगलं आहे आणि मुलाचा विचारही चांगला आहे. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं ते केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या जोसेफ यांच्या पद्धतीचं. दोन पायांना दोन चौकटी, प्रत्येकीची पोलादी तार खोडाभोवती. एक पाय उचलायचा, चौकट वर सरकवायची, वजन द्यायचं, मग दुसरा. जिना चढल्यासारखं. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना याच यंत्रावर तयार केलं, सहा दिवसांचं शिक्षण, त्यात कितीतरी बायकाही माडावर चढायला शिकल्या. तुमच्या मुलाने असं शिक्षण घेऊनच सुरुवात करावी. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

पण नुसत्या यंत्रावर चढू देऊ नका. पाय निसटला किंवा चौकट ओल्या शेवाळावर घसरली तर माणसाला धरून ठेवणारा वेगळा पट्टा हवा. इथे एक बारकावा आहे, तो मुलाला नक्की वाचून दाखवा. कमरेचा पट्टा माडाभोवती नुसता फिरवला तर माणूस उभा राहू शकतो, पण पडला तर पट्टा गुळगुळीत खोडावरून त्याच्याबरोबर खाली घसरत येतो. माडाला मधे फांदीच नाही, तो अडणार कशाला? म्हणून भार आला की खोडाला फासासारखा आवळणारा पट्टा घ्यायचा. असा आवळणारा पट्टा खांबांवर काम करणारे वापरतात, तोच नियम इथे.

तार खालच्या जाडीला बसवलेली असते, माड वर बारीक होतो आणि चौकट कलायला लागते. शेवटचे दहा फूट म्हणून सगळ्यात सावध. शेंड्यात पोचल्यावर वाळक्या झावळीला हात घालायचा नाही, ती देठासकट हातात येते. हिरवी, मधल्या ओळीतली धरायची. माझ्या वडिलांनी मला माडावर शिकवलेला हा पहिला धडा.

खाचांबद्दल. आंबा-फणसाच्या सालीखाली एक जिवंत थर असतो, तो जखमेच्या कडेने नवी साल आणतो. माडाला तो थर नाही. माडाच्या खोडात पडलेली खाच त्याच्या आयुष्यभर तशीच राहते, पाणी साचतं आणि त्या जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो. जुन्या खाचांतून तांबूस चिकट पाणी झिरपताना दिसलं तर तो माड आधी तपासून घ्या आणि त्यावर चढू देऊ नका. नव्या खाचा मुळीच पाडू नयेत. वडिलांनीही पाडल्या होत्या, तेव्हा दुसरा मार्ग नव्हता.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये शिकायला गेला आणि आता तिथे झाडं छाटणाऱ्या कंपनीत लागलाय. इथे नातेवाईक म्हणतात, पदवी घेऊन झाडावर चढतो. मला लाज नाही वाटत, भीती वाटते. तिथे हे काम कसं असतं?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, तिथे हा रीतसर शिकून, परीक्षा देऊन करायचा व्यवसाय आहे. चढणं, वर करवत चालवणं, अडकलेल्या सोबत्याला उतरवणं, या प्रत्येकाची वेगळी परीक्षा असते. उंचीवरच्या कामाचे २००५ चे नियम आहेत. उचलण्याच्या साधनांचे १९९८ चे नियम आहेत, त्यानुसार ज्या ज्या वस्तूवर माणूस लटकतो ती दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. एकट्या माणसाने झाडावर जायचं नाही, खाली त्याला उतरवू शकणारा दुसरा हवाच.

तुमची भीती खोटी नाही. हे काम तिथेही धोक्याचं आहे. मुलाला एकच विचारा, "तुझ्याबरोबर वर येऊन तुला उतरवू शकेल असा माणूस रोज खाली असतो का?" तो हो म्हणाला तर निश्चिंत झोपा. आणि नातेवाइकांना सांगा की झाडाचं शरीर, लाकडाची ताकद, भाराचं गणित आणि कायदा एवढं त्याला दोरावर लटकून रोज वापरावं लागतं. पदवी त्याच्या कामी येतेय.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात कंत्राटदार येतो. पोरं शिडी लावून चपला घालून चढतात, दोर नसतो, शेंडे उडवून मोकळी होतात. काही झालं तर जबाबदार कोण, ही काळजी वाटते. कंत्राट देताना काय विचारावं?
— एका सोसायटीचे सचिव, ठाणे

उत्तर : साहेब, ही काळजी तुम्हाला वाटली म्हणून आभार. पहिलं, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतली आहे का. कागद बघा, तोंडी नको. दुसरं, जवळून विजेची तार जाते का. जात असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कुणीही चढायचं नाही. ओली फांदी वीज वाहून नेते, तारेला हात लागायचीही गरज नसते. तिसरं, आग्या मोहोळ आहे का, हे आदल्या दिवशी दुर्बिणीने बघायला लावा. दोरावर लटकलेल्या माणसाला मधमाश्यांपासून पळता येत नाही.

मग कंत्राटदाराला विचारा, वर माणूस बेशुद्ध झाला तर तुम्ही काय कराल? बहुतेक जण अग्निशमन दलाचं नाव घेतील. ते येतील, पण तोवर किती वेळ जाईल? हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत उतरतं, काही मिनिटांत प्रकृती गंभीर होऊ शकते. माझ्या कामावर दुसरा दोर आधीच झाडावर टाकलेला असतो आणि खाली हार्नेस घातलेला दुसरा चढणारा असतो. तो वर जातो, जखमीला स्वतःच्या साधनाला जोडतो आणि दोघे एकत्र उतरतात. दर मोसमाच्या सुरुवातीला आम्ही हे एकमेकांवर करून बघतो. ज्या कंत्राटदाराकडे या प्रश्नाचं उत्तर नाही त्याला काम देऊ नका, दर कितीही कमी असो.

शेंडे उडवण्याबद्दल मला मनापासून चीड आहे. शेंडा उडवला की झाड घाबरून ढीगभर कोवळे फुटवे काढतं. ते वरवर चिकटलेले असतात, चार-पाच वर्षांनी जाड होऊन तेच वादळात तुटतात. म्हणजे सोसायटी पैसे देऊन पुढचा अपघात विकत घेते. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये मांडलं की झाड जखम बरी करत नाही, ती भोवती भिंती घालून कोंडून ठेवतं. ती भिंत सगळ्यात चांगली बसते फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर गळ्याबाहेर कापलं तर. म्हणून मोठी फांदी तीन कापांत उतरवायची. आधी खालून थोडी चीर, मग तिच्या थोडं पुढे वरून कापून वजन उतरवायचं, आणि उरलेला खुंट गळ्याच्या बाहेरून. खाली चीर नसेल तर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. आणि छाटणीला आलेल्या माणसाच्या बुटांना काटे लावलेले असतील तर त्याला परत पाठवा. काट्यांचं चढणं फक्त तोडायच्या झाडावर. जिवंत राहायच्या झाडावर प्रत्येक पावलाला एक भोक पडतं. आम्ही तर दोर घासू नये म्हणून बेचक्यात दोन कड्यांचा पट्टा टाकतो आणि कड्यांतून दोर नेतो, सालीलाही इजा नाही आणि दोरालाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारात जांभूळ आहे. जून लागला की मुलं चढतात. रोखावं का? कोणत्या झाडांवर चढणं धोक्याचं?
— एक शिक्षिका, खेड तालुका

उत्तर : बाई, जांभळावरून रोखा. जांभळाची फांदी जाड दिसते, पण कडकन मोडते, आधी वाकून सांगत नाही. शेवगा, गुलमोहर आणि पिचकारी तसेच. गावाकडे जुनी माणसं शेवग्यावर चढू देत नसत ते उगीच नाही. चिंच आणि आंबा त्यामानाने चिवट, फांदी आधी लवते, कुरकुरते, उतरायला वेळ देते. पण वाळकी, ढोली असलेली किंवा बुंध्याशी आळंबी उगवलेली असेल तर चिंचेवरही नको. वर्गात मुलांना प्रत्येक झाडाची पेन्सिलएवढी डहाळी मोडून बघायला द्या. कोणती टचकन तुटते, कोणती सालीला लोंबत राहते, हे ती आयुष्यभर विसरणार नाहीत.

जांभळं मात्र त्यांना मिळायला हवीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गावाकडे जाताना तुमच्या वाटेवरून जाणार आहे. मासिकाच्या पत्त्यावर कळवा. फेकदोरी घेऊन येतो, मुलांना खाली उभं राहून फांदीवरून दोर टाकायला शिकवतो. फांदी हलवली की जांभळं खाली येतात, फक्त जुनी चादर धरायला चार मुलं लागतील.